फोडलेला वरंबा

खुटबावात इनुस शेख नावाची दोन माणसं होती. एक सायकली भाड्यानं देणारा, दुसरा कांदा पिकवणारा. बोलण्यात घोटाळा नको म्हणून एकोणसाठ सालानंतर लोक कांदेवाल्याला 'काठमांडू' म्हणायला लागले. "काठमांडू, बी हाय का वो शिल्लक?" असं बांधावरून कुणी विचारलं, की तो हातातलं खुरपं न थांबवता "हाय की, या सांजच्याला," म्हणायचा. या नावाचा त्याला ना अभिमान होता ना राग. पण नाव कसं पडलं असं कुणी नवख्यानं विचारलं, तर तो बर्फाच्या डोंगरांचं काही सांगायचा नाही. एका वरंब्याचं सांगायचा.

वरंबा म्हणजे काय, तर वाफ्याच्या कडेनं घातलेली वीतभर उंचीची मातीची कड. पाणी धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम. पण दौंडाकडच्या त्या मुलखात पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा उभ्या उभ्या येऊन जातो, आणि मग वर्षभर सगळी भिस्त विहिरीवर. तिथं कुणी कुणाच्या टोपलीतली भाकरी उचलली तर लोक हसण्यावारी नेतील. दुसऱ्याचा वरंबा फोडून पाणी आपल्या वाफ्यात घेतलं, तर मात्र नातवंडांपर्यंत बोलणं बंद.

इनुस आणि त्याचा थोरला भाऊ सुभान यांच्यात नेमकं हेच झालं होतं. वडील गेले तेव्हा जमिनीचे शेजारी शेजारी दोन तुकडे झाले. विहिरीचे तुकडे कसे करणार? ती सामाईक राहिली. चार दिवस सुभानची मोट, चार दिवस इनुसची. बरी वर्षं गेली. मग एका चैत्रात विहिरीचं पाणी तळाला गेलं. इनुसची पाळी होती. कांदा पोसायला लागला होता, आणि तेवढं एक पाणी मिळालं की रान निघणार होतं. सकाळभर मोट हाणून त्यानं वाफे भरत आणले आणि घटकाभर न्याहारीला घरी गेला. परत येऊन बघतो तर सुभानच्या बाजूचा वरंबा कुदळीनं फोडलेला, आणि पाणी खळखळ करत सुभानच्या वाफ्यात चाललेलं. सुभान पलीकडं बाभळीखाली पाठ फिरवून बसला होता.

दुसरा कुणी असता तर त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या, दोन दगड भिरकावले असते, आणि संध्याकाळी दोघं एका चिलमीवर बसले असते. पण इनुसचा राग मुका. त्यानं वरंबा नीट केला, मोट सोडली आणि घरी आला. त्या दिवसापासून भावाशी एक शब्द नाही. एक वर्ष झालं, दोन झाली, पाच झाली.

आता विहीर एक, मोट एक, बैलजोडीही सावडीची, म्हणजे एक बैल याचा, एक त्याचा. न बोलून चालणार कसं? तर दोघं बैलांशी बोलत. पाळी संपली की सुभान कासरा खुंटीला अडकवता अडकवता म्हणायचा, "राजा, मोट फाटाय लागलीया रं. उद्याच्या मानसानं टाका घातला तर बरं." आणि दुसऱ्या दिवशी इनुस त्याच बैलाच्या पाठीवर हात ठेवून, "राजा, टाका घातला बरं का. दोरी जुनी व्हती, नवी कुणीतरी आनावी." लेकी बोले सुने लागे म्हणतात, ते इथं बैली बोले भावा लागे असं झालं होतं. दोघांच्या बायकांनी या भांडणात पडायचं साफ नाकारलं होतं. जावाजावांचं पीठमीठ पहिल्यासारखं चालू होतं, आणि सुभानच्या चुलीवरचं कालवण इनुसच्या ताटात येत होतं. फक्त ते कुठून आलं हे कुणी सांगत नव्हतं आणि तोही विचारत नव्हता.

इनुसची बायको रशिदा शिरूरची. तिच्या माहेरच्या शेजारी सोपानराव म्हणून एक निवृत्त गुरुजी राहत. खादीचा सदरा, पायात वहाणा, आणि कुठं ना कुठं सेवेला निघालेले. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात ते खुटबावात आले. पुण्यातल्या एका संस्थेचं सेवापथक नेपाळात काठमांडूला निघालं होतं. अनाथ मुलांचा एक आश्रम, त्याला शाळेच्या खोल्या बांधून द्यायच्या आणि भाजीचा मळा लावून द्यायचा. पगार नाही, दोन वेळचं जेवण आणि जाण्यायेण्याची सोय.

"गवंडी मिळाले, सुतार मिळाला," गुरुजी म्हणाले, "मळ्याला माणूस हवा. शिरूरच्या प्रदर्शनात तुमचा कांदा बघितला होता, इनुसभाई. येता का?"

गावाला वाटलं इनुस हसून वाटेला लावील. जो माणूस जेजुरीच्या बाजाराला जायचं तरी दोन दिवस आधी घोर लावून घेतो, तो नेपाळला जाणार? पण इनुस हो म्हणाला. का म्हणाला ते फक्त रशिदाला माहीत होतं.

"आता त्या विहिरीवर उभं राहवत न्हाई," त्यानं तिला सांगितलं होतं. "सहा-आठ महिनं लांब जातो. आलो की वाटणी. विहिरीतला माझा हिस्सा भाईच्या अंगावर टाकतो आन् तुज्या माहेराकडं, घोडनदीच्या काठाला रान बघतो."

"आब्बांची विहीर सोडून?" रशिदा एवढंच म्हणाली. मग तिनं कांद्याचं बी दोन पिशव्यांत भरलं. "समदं एकदम टाकू नका. परक्या मातीचं काय सांगावं."

निघायच्या आदल्या दिवशी सुभानची पाळी होती. इनुस बांधावरून चालला होता. सुभाननं त्याच्याकडं बघितलंही नाही. बैलाच्या मानेखाली खाजवत म्हणाला, "राजा, तिकडं थंडी लई असती म्हनं. मानसानं घोंगडं बरूबर घ्यावं."

इनुसनं घोंगडं घेतलं. पण मनातली वाटणी काही ढळली नाही.

दौंडहून मनमाड, तिथून अलाहाबाद, मग पाटणा, गंगेवरून आगबोट, रक्सौल, पुढं खेळण्यातल्यासारखी एक बारकी आगगाडी आणि शेवटी ट्रक. डोंगराच्या कडेकडेनं ट्रक असा वळणं घेत वर चढला की गवंड्यांपैकी दोघांनी अल्लाचं नि विठोबाचं नाव आलटून पालटून घेतलं. इनुस घोंगड्यात गुंडाळून गप्प बसला होता. घाटमाथ्यावरून खाली ती काठमांडूची वाटी दिसली, हिरवीगार, आणि तिच्या पलीकडं आभाळात पांढरे डोंगर. सोपानराव गुरुजींचे डोळे भरून आले. इनुसनं खाली हिरव्याकडं बघितलं आणि त्याच्या मनात आलं, एवढ्या रानाला पाणी कुठून आणत असतील?

आश्रम बागमतीच्या पलीकडं, पाटण शहराच्या कडेला होता. लाल विटांची घरं, नक्षीच्या लाकडी खिडक्या, गल्लीगल्लीत देवळं. शेतं पायऱ्यांसारखी एकाखाली एक. भादवा सरत आला होता, तरी सकाळी तोंडातून वाफ निघत होती. पहिल्या दिवशी इनुसनं आश्रमाचं रान पायानं चाचपून बघितलं. काळी, भुसभुशीत, लोण्यासारखी माती. तो खूश झाला आणि गुरुजींना म्हणाला, "गुर्जी, झ्याक माती हाय. बैलजोडी आन् नांगर सांगा, उद्या नांगरट करून टाकतो."

गुरुजींनी आश्रमाच्या व्यवस्थापकांना विचारलं. ते काशीत शिकलेले, हिंदी छान बोलत. ते जरा ओशाळले. म्हणाले, या खोऱ्यातले नेवार शेतकरी बैलानं नांगरत नाहीत. बैल जुंपणं ते अशुभ मानतात. सगळं रान हातानं खणतात.

"समदं?" इनुसनं त्या पायऱ्यापायऱ्यांच्या हिरव्या उतरणीकडं बघत विचारलं.

सगळं. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात एक आखूड दांड्याची, रुंद पात्याची कुदळ आली. ती मारायची तर पार वाकावं लागे. दुपारपर्यंत इनुसची कंबर धरली. संध्याकाळी तो उताणा पडून म्हणाला, "राजाची लई सय येती, गुर्जी." राजा कोण, हे गुरुजींनी विचारलं तेव्हा बैल, असं उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते इनुसचं इनुसलाच तेव्हा कळलं नव्हतं.

आश्रमाच्या रानाला लागून, एक पायरी खाली, एका म्हातारीचं भाताचं खाचर होतं. काळं लुगडं, त्याला लाल काठ, कपाळावर सुरकुत्यांचं जाळं. आपल्याकडच्या बायका चंद्रकळा नेसतात तशी दिसे. खांद्यावर कावड घेऊन ती चढण अशी चढायची की इनुसला स्वतःची लाज वाटे. लोक तिला 'अजी' म्हणत. म्हणजे आजीच. इनुसला हा एक शब्द तेवढा घरचा भेटला. इनुस वाकून खणत असला की ती वरच्या कडेवर बसून बघत राही. मध्येच काही बोले. त्यातलं एक अक्षर त्याला कळत नसे. तो "व्हय आजी, व्हय," म्हणे, आणि ती हसे. एकदा तर तिनं त्याच्या हातातली कुदळ घेतली आणि दांडा कुठं धरायचा ते दाखवलं. त्या दिवशी कंबर निम्मी दुखली.

रान तयार झालं. मग इनुसनं त्याला जे येत होतं ते केलं. दौंडाकडं करतात तसे सपाट, खोलगट वाफे पाडले, भोवती पक्के वरंबे घातले, बोटानं दाबून दाबून गुळगुळीत केले. थेंबभर पाणी बाहेर जायचं नाही असे. अजी कडेवर येऊन बराच वेळ बोलली. हात वर करून आभाळ दाखवलं, मग वाफे दाखवले, मग मान हलवली. इनुसला वाटलं, देखणे झालेत म्हणतेय. तो मनातून फुलला. "आजी, आमच्याकडं यापरीस सरस असत्यात," असं विनयानं म्हणाला आणि पहिल्या पिशवीतलं बी फेकलं.

आठवडाभरात रोप वर आलं. हिरव्या सुया मातीतून वाकून निघाल्या आणि सरळ झाल्या. इनुस सकाळी उठल्याबरोबर आधी वाफे बघून येई. आश्रमातली मुलं, गवंडी, गुरुजी, सगळे येऊन बघून गेले. त्या खोऱ्यात सोवळ्यापायी कित्येक घरांत कांदा चुलीपर्यंत पोचतही नाही, तरी व्यवस्थापक म्हणाले, "मुलांच्या पोटात जाईल, तेवढं पुरे." इनुसला वाटलं, आपण इथं यायला लायक ठरलो. घरी गेल्यावर वाटणीचं बोलतानाही छाती जरा पुढं राहील.

जुम्म्याच्या नमाजाला तो बागमतीचा पूल ओलांडून राणीपोखरीजवळच्या मशिदीत जात असे. तिथल्या काश्मिरी बुजुर्गांनी पहिल्याच दिवशी त्याला जवळ बसवून चहा पाजला होता. अशाच एका जुम्म्याला तो मशिदीत असताना पाऊस आला. साधासुधा नव्हे, घागरीच्या घागरी वरून ओताव्यात तसा. जाता जाता पावसाळा सगळी उधारी फेडत होता. इनुस मशिदीच्या दारात उभा राहून खूश झाला. वाफे गच्च भरले असतील, मोट नाही, बैल नाही, फुकटचं पाणी!

परत आला तर वाफ्यांत पाणी नव्हतं.

एकूण एक वाफ्याचा वरंबा फोडलेला होता. खालच्या अंगाला, मधोमध, कुदळीच्या एकेका घावात. आणि पाणी खळखळ करत पायरी उतरून अजीच्या खाचरात चाललं होतं.

तेच दृश्य. तोच आवाज. न्याहारी करून आल्यावर बघितलेला तोच फोडलेला वरंबा, तेच शेजाऱ्याकडं पळणारं पाणी. फक्त बाभळीखालचा पाठमोरा माणूस नव्हता. म्हातारी पाटणच्या कुठल्याशा गल्लीत आपल्या घरी गेली असेल. हजार कोस तुडवून आलो, आणि इथंही शेजार तसाच निघाला, असं त्याला वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसात ते कुणाला दिसलं नाही एवढंच.

भुरभुर चालूच होती. त्यात गुडघ्यावर बसून त्यानं हातानं एकेक वरंबा बुजवला. चिखल दाबला, थापला, पुन्हा पक्का केला. शेवटचा, कडेचा एक वाफा राहिला. हात गारठून बधिर झाले होते, म्हणून तेवढा सोडून तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा झड लागली. आज इनुस घोंगड्याची खोळ करून वाफ्यांच्या कडेला राखण बसला होता. अजी आली. हातात कुदळ. तिनं बुजवलेले वरंबे बघितले, कपाळाला हात लावला आणि सरळ पहिल्या वाफ्याकडं वळली.

पाच-सहा वर्षं भावाला जे बोलला नव्हता ते इनुसच्या तोंडून बाहेर पडलं.

"ए आजी! दिसाउजेडी पानी चोरतीस? लाज कशी वाटंना? शेजारी म्हनून बसवून घेतलं, कुदळ कशी धरायची त्ये तुज्याकडनं शिकलो, आन् तूच घाव घातलास व्हय? मागितलं असतंस तर म्या न्हाई म्हनलो असतो का?"

बोलला आणि स्वतःच दचकला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. अजी कुदळीवर हात ठेवून उभी राहिली. त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग प्रसन्न हसली, त्याच्या खांद्यावर ओल्या हातानं थोपटलं, काहीतरी बोलली आणि आपल्या खाचराकडं निघून गेली. वरंब्याला मात्र हात लावला नाही.

"चोरी ती चोरी, वर शिरजोरी," इनुस म्हणाला, आणि दिवसभर बसून राहिला.

तीन दिवसांनी पाऊस उघडला. भरलेल्या वाफ्यांतलं पाणी हळूहळू मुरलं, आणि इनुसची हिरवी रोपं मुळाशी कुजून, माना टाकून चिखलाला चिकटली. बोटानं उचललं की बुंध्यातून तुटून येत होती. त्यानं एक वाफा बघितला, दुसरा बघितला. सगळे तसेच. आणि शेवटी कडेच्या वाफ्याशी आला. हात गारठले म्हणून ज्याचा वरंबा बुजवायचा राहिला होता, तो. त्यातलं रोप ताठ उभं होतं. एका सुईलाही धक्का नव्हता.

इनुस त्या वाफ्याशी उकिडवा बसला. मग उठून पहिल्यांदाच अजीच्या खाचराकडं नीट बघितलं. तिच्या खाचराचा बांधसुद्धा खालच्या अंगाला फोडलेला होता. पिकत आलेल्या भातातून ती पाणी बाहेर काढत होती, तिच्या खालचा शेजारी त्याच्याही खाली सोडत होता, आणि असं करत करत ते सगळं पाणी बागमतीला जात होतं. त्या अख्ख्या उतरणीवर पाण्याला कुणी गिऱ्हाईक नव्हतं. आणि इनुसनं एका म्हातारीला पाणीचोर म्हटलं होतं.

त्यानं सोपानराव गुरुजींना गाठलं आणि गुरुजींनी व्यवस्थापकांना. सगळे मिळून अजीकडं गेले. इनुस मागं, मान खाली घालून.

अजी भरभर बोलली आणि व्यवस्थापक हसायला लागले. "ती म्हणते, हे वाफे बुडतील हे तिनं आधीच सांगितलं होतं. तुम्ही 'व्हय, व्हय' म्हणत होतात. त्या दिवशी पाऊस आला, तुम्ही नव्हता, तर आपलं भात सोडून ती आधी तुमच्या रोपांकडे धावली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुष्कळ बोललात. तिला वाटलं आभार मानताय. तुमच्या मुलखातले आभार जरा मोठ्या आवाजात असतात, असं ती घरी सांगत होती."

इनुसनं पुढं होऊन म्हातारीचे पाय धरले. "आजी, म्या तुला चोर म्हनलो," तो म्हणाला. गुरुजींनी ते हिंदीत केलं, पण व्यवस्थापकांनी अजीला ते सांगितलं की दुसरंच काही, कोण जाणे. तिनं त्याला उठवलं आणि कुदळ घेऊन थेट त्याच्या रानात गेली. उरलेल्या दिवसात तिनं त्याला वाफे करून दाखवले. जमिनीपासून हातभर उंच, वर सपाट, आणि दोहो बाजूंनी पाणी निघून जायला चर. रशिदानं बांधून दिलेली दुसरी पिशवी इनुसनं सोडली. या खेपेला बी त्यानं चिमटीचिमटीनं टाकलं.

ते रोप जगलं. कार्तिक-मार्गशीर्षात त्याची लावणी झाली, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आश्रमाच्या ओसरीवर लालसर कांद्याची रास लागली. अजीला इनुसनं टोपलीभर दिले. तिनं ते खाल्ले की कुणाला वाटून टाकले, हे त्यानं विचारलं नाही. त्या सगळ्या महिन्यांत थंडी सोसली, बर्फाचे डोंगर रोज बघितले, भात खाऊन खाऊन भाकरीसाठी जीव कासावीस झाला. पण यातलं पुढं त्यानं गावात काही रंगवून सांगितलं नाही. कारण त्या महिन्यांत त्याचं मन दुसऱ्याच एका गोष्टीला लागलं होतं.

आपण भाईला विचारलंच नाही.

आधी हा विचार ठेच लागल्यासारखा आला. मग मुक्कामालाच राहिला. अजीला चोर ठरवायला आपल्याला डोळ्याचं पातं लवायचा वेळ लागला, तसंच भाईचं केलं. फोडलेला वरंबा दिसला आणि झालं. का फोडला असेल? वाफा भरून वरच्या अंगाला फुटत असेल आणि भाईनं वाचवला असेल. उंदराचं बीळ निघालं असेल. बैल घुसला असेल. रात्री घोंगडं ओढून घेतलं की इनुस भावासाठी एकेक सबब शोधायचा, आणि सकाळपर्यंत ती पक्की करायचा. वसंत आला तोवर त्यानं सुभानला पार औलिया करून टाकलं होतं. असल्या भावाशी आपण पाच-सहा वर्षं बोललो नाही, म्हणून तो एकटाच रडायचा. वाटणी मनातून गेली होती. आता फक्त एकदा विचारायचं होतं.

चैत्र सरता सरता तो खुटबावात आला. घरी पाणी प्यायला, रशिदाला म्हणाला, "आलोच," आणि अंगावरचे प्रवासाचे कपडे तसेच ठेवून विहिरीवर गेला. सुभानची मोट चालू होती. भाऊ वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. इनुसला बघूनही त्यानं बैल थांबवले नाहीत.

"राजा," सुभान म्हणाला, "मानूस आलं वाटतं. कडंनं चाल जरा."

"राजाला नगं बोलूस, भाई," इनुस म्हणाला. "माज्यासंगं बोल. त्या साली माजा वरंबा का फोडलास?"

बैल आपोआप थांबले. मोट विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत राहिली आणि तिच्यातून पाणी ठिबकत राहिलं. सुभाननं भावाकडं बघितलं.

"का म्हंजी?" तो म्हणाला. "पानी चोरलं."

इनुसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "वाफा फुटत व्हता का? का उंदराचं बीळ..."

"कसलं बीळ न् कसलं काय. माजी मेथी जळाय लागली व्हती. पाळी तुजी. मागायची लाज वाटली, थोरला ना म्या. तू न्याहारीला गेलास आन् म्या घाव घातला. मग वाटलं, आता इनुस येईल, चार शिव्या घालील, म्या पाय धरीन, मिटंल. म्हनून तर बाभळीखाली बसून ऱ्हायलो की. पळून गेलो न्हाई. तू वरंबा नीट केलास आन् गेलास." सुभानचा आवाज फाटला. "रोज वाट बघितली रं. आज बोलंल, उद्या बोलंल. तू त्वांडच मिटलंस. बैलासंगं किती बोलायचं मानसानं?"

डोंगरात बसून महिनोन्‌महिने रचलेला औलिया एका क्षणात चिखलाला मिळाला. समोर उरला तो एक पाणीचोर, पांढऱ्या दाढीचा, डोळे पुसत असलेला. आणि इनुसच्या पोटातून, तळातून, गेल्या पाच-सहा वर्षांची शिवी वर आली.

ती इथं लिहिण्यासारखी नाही. तिच्यात त्यांच्या एकाच वडिलांचाही उद्धार होता. पहिलीच्या मागे दुसरी आली, दुसरीच्या मागे तिसरी. चोरा, आब्बांच्या विहिरीवर चोरी करतोस, कांदा करपला माझा, लेकरांची ईद फिकी गेली. सुभानही मग गप्प बसेना. तू लई शहाणा, तुझं तोंड काय दगडाचं, माझ्या आजारपणातसुद्धा आला नाहीस. शेख मंडळींच्या घरात दखनी बोलतात, पण ही सगळी भांडाभांडी झाली ती रोकड्या मराठीत, आणि शिवारभर ऐकू गेली. बैल बिचारे एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले.

ओरडा ऐकून रशिदा पदर खोचत धावत आली. मागोमाग तिची जाऊ, आणि चुलीवर ठेवलेल्या कालवणाचं काय झालं हे दोघींनाही आठवलं नाही. बांधावर येऊन बघतात तर दोघे भाऊ नाकाला नाक लावून उभे, दोघांच्याही गालांवरून पाणी वाहतंय, आणि कुणीच थांबायला तयार नाही.

"अवो, काय झालं? आल्या आल्या काय हे?" रशिदानं इनुसचा हात ओढला.

इनुसनं बाहीनं तोंड पुसलं. इतक्या वर्षांत तिनं त्याचा चेहरा असा बघितला नव्हता.

"काय न्हाई," तो म्हणाला. "भाईसंगं भांडतोय."